सागरेश्वरच्या डोंगरात एक दिवस

रब्बीची पेरणी उरकली, खुरपणी झाली आणि उसाला अजून तोड आलेली नाही, असे चार-दोन मोकळे दिवस मार्गशीर्षात सापडतात. हे दिवस आपण लग्नाच्या याद्या आणि कोर्टाच्या तारखा यांत घालवतो. त्यातला एक दिवस यंदा घरच्या पोराबाळांसाठी काढा, असे मी आग्रहाने सांगतो. आम्ही गेल्या हिवाळ्यात काढला.

ठिकाण फार लांबचे नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव, पलूस आणि वाळवा या तालुक्यांच्या सीमेवर सागरेश्वरचे अभयारण्य आहे. कराडहून तीसेक किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्याला ताकारी किंवा किर्लोस्करवाडी स्टेशन जवळ. पायथ्याशी देवराष्ट्रे गाव, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे आजोळ. १२ मार्च १९१३ रोजी त्यांचा जन्म इथल्या एका साध्या घरात झाला. ते घर आधी पाहा, मग डोंगराकडे निघा. वाटेत सागरेश्वराच्या देवळांचा जुना समूह लागतो. श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी दगडी गाभाऱ्यातला गारवा आणि आपण, एवढेच असते.

आमच्याबरोबर सौभाग्यवती, मुलगी आणि तिची दोन मुले होती. शिवाय सौभाग्यवतींचे थोरले बंधू. त्यांची जमीन डोंगराच्या अंगालाच आहे, पण माणूस इतक्या वर्षांत एकदाही आत गेला नव्हता. मी चला म्हटले तर म्हणाले, "दाजी, हरणं बघायला पैसं भरून आत कशाला जायाचं? ती रोज रातच्याला माझ्या हरभऱ्यात येत्यात की, फुकाट." पोरे हसली. मला मात्र हसू आले नाही. दोन आठवड्यांपूर्वी त्यांचा दहा-बारा गुंठे हरभरा ऐन फुलोऱ्यात खाल्ला गेला होता. अखेर थोरल्या नातीने हात धरला, "मामाआजोबा, तुम्ही नसाल तर आम्हीपण नाही," आणि ते चपला घालून निघाले.

फाटकावर नावनोंदणी आणि फी भरली की पुढे सगळा पायी कारभार. हे जंगल कुणा राजाने राखलेले जुने रान नाही, हे आधी समजून घ्या. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हा डोंगर उघडाबोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोकांना आणि सरकारला मागे लागून झाडे लावली, जगवली, आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र पावणेअकरा चौरस किलोमीटरच्या आसपास. चितळे, सांबरे आणून सोडली, ती इथे वाढली. माणसाने लावलेले अभयारण्य म्हणतात ते हे. ज्याने मुरमाड बांधावर एक लिंब जगवला आहे, त्यालाच कळेल की हे काम काय आहे.

चढ सोपा नाही. वाट दगडगोट्यांची, कडेने करवंदीच्या जाळ्या. धाकट्या नातवाने पहिल्याच वळणावर गुडघा फोडून घेतला आणि दिवसभर तो मानाने मिरवला. कोरड्या ओढ्यातून धोंड्याधोंड्यांवरून उड्या मारणे, वाकलेल्या फांदीला लोंबकळणे, मोराचे पीस हुडकणे. शहरात म्हणे झाडांना दोर बांधून पोरांना पैसे घेऊन चालवतात. इथे देवाने ती सोय आधीच केली आहे.

सांबर आणि काळवीट यांतला फरक मुलांना जरूर दाखवा. सांबर-चितळांच्या नराची शिंगे फांद्यांची असतात आणि दरवर्षी गळून नवी येतात. ती सारंगाची जात. काळविटाची शिंगे पिळाची, बैलाच्या शिंगांसारखी आयुष्यभर टिकणारी, तो कुरंग. हे सांगताना मी थोडा मास्तरकीत शिरलो होतो, तेवढ्यात मेव्हण्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. मला काही दिसत नव्हते. त्यांना मातीत खुरांचे ताजे माग दिसले होते. "चार माद्या, एक पाडस, आत्ताच पान्याकडं गेल्यात." आम्ही मांजरीच्या पावलाने गेलो, तर पाणवठ्यावर खरोखर तसाच चितळांचा कळप. पाडसाने आईच्या पोटाखालून आमच्याकडे पाहिले. पाच मिनिटे कुणी बोलले नाही. मग मेव्हणे हळूच म्हणाले, "गवात वाळून गेलंय सगळं. पोटाला काय खात असतील?"

माथ्यावरून दिसते ते उत्तरच होते. एका बाजूला हिरवागार कृष्णाकाठ, पलीकडे किर्लोस्करवाडी, जिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर कारखाना वसवून लोखंडी नांगर घरोघर पोचवला. दुसऱ्या बाजूचा पूर्वीचा कोरडा भाग ताकारी उपसा योजनेच्या पाण्याने आता ओला. वर वाळके गवत, खाली हरभरा. जनावराला तालुक्याची हद्द कोण सांगणार?

तिथेच बसून शिदोरी सोडली. दशम्या, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. कागद-पिशव्या परत घरी न्या, आणि हरणांना काही टाकू नका, माकडांना तर मुळीच नाही. जेवता जेवता मी हरभऱ्याची चौकशी केली. पंचनामा का झाला नाही? तर यांनी तक्रार केलीच नव्हती. खाल्लेला तुकडा दुसऱ्याच दिवशी वखरून मोकळे झाले होते. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपालाला लेखी कळवायचे आणि पंचनामा होईपर्यंत रान तसेच ठेवायचे, एवढेच करायचे असते. मी आयुष्यभर गावोगाव हेच सांगत आलो, किती पंचनाम्यांना उभा राहिलो, आणि घरच्या माणसाला सांगायचे राहून गेले. सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती इथे लिहीत नाही.

कडेने करडईचे तास घालायची जुनी रीत चांगली, पण करडई काटे धरेपर्यंत तीच खाल्ली जाते, तेव्हा तोवर राखण हवीच. कोवळ्या हरभऱ्याचे शेंडे खुडले तर फुटवा वाढतो. फुलोऱ्यात खुडले तर दाणा जातो. हरणांना हे कुणी शिकवलेले नाही. आणि कुंपणात घरची वीज मात्र कधीही सोडू नका. त्या तारेला पहिला हात बहुधा आपल्याच माणसाचा लागतो.

उतरताना दिवस मावळतीला आला होता. मुक्काम मेव्हण्यांच्याच मळ्यात केला. रात्री दोन्ही मुले हट्टाने त्यांच्याबरोबर माळ्यावर चढली, घोंगडीत गुरफटून बसली. मी खाली खाटेवर होतो. दहाच्या सुमारास हरभऱ्याकडून खसखस ऐकू आली. मेव्हण्यांनी बॅटरी मारली. डोळ्यांचे सात-आठ जोड चमकले. एरवी ते बॅटरीबरोबरच आरोळी ठोकतात. त्या रात्री त्यांनी पोरांचे बघून होईपर्यंत नुसता उजेड धरून ठेवला, आणि मग ओरडले.