ट्रकवेड्यांचं मासिक

'ट्रकिन' हे मासिक १९७५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालं. ट्रक म्हणजे आपले 'हॉर्न ओके प्लीज'वाले नव्हेत हं, तिकडचे पिकअप. सुरुवातीच्या काळात रंगवलेल्या, आतून सजवलेल्या व्हॅन्सचीही भलतीच चलती होती. मग लोक छोट्या जपानी पिकअपच्या मागे लागले. ते कापूनकुपून इतके खाली आणायचे की बॉडी चक्क रस्त्याला टेकावी! कशासाठी? हौस, दुसरं काय..

मला सगळ्यात आवडतात ते 'कसं करायचं' छापाचे लेख. कुठला पार्ट काढायचा, वेल्डिंग कुठे करायचं, एअर सस्पेन्शन कसं बसवायचं, सगळं पायरीपायरीने, फोटोंसकट. आमच्यात कुणी असं डॉक्युमेंटेशन लिहिलं तर मी त्याला पार्टी देईन.

डिसेंबर २०१९ मध्ये प्रकाशकांनी एका फटक्यात १९ मासिकांची छपाई थांबवायचं ठरवलं. त्यात हेही गेलं. आता सगळं नेटवर मिळतं, असं म्हणतात. मिळतं की. पण आपल्या गाडीचा फोटो आपणच अपलोड करणं वेगळं, आणि कुणा संपादकाने ढिगातून तीच निवडून चार पानं देणं वेगळं. त्या चार पानांसाठी लोक गॅरेजमध्ये रात्री जागवायचे.