एकदा जायला हवं

पनवेलचं आणि खाण्याचं नातं फार जुनं; पण ते प्रवाशांचं. कोकणातली यष्टी स्टँडात शिरली, की कंडक्टर "धा मिनटं!" म्हणून ओरडायचा आणि तेवढ्यात अख्खी गाडी वडा, चहा आणि लहान मुलांची 'शू' उरकून घ्यायची. जीभ भाजल्याशिवाय पनवेल मागे पडलंसं वाटतच नसे. आम्ही पनवेलकर मात्र घरी जेवायचो. गावातला माणूस गावातल्या हॉटेलात जेवताना दिसला, म्हणजे त्याचं घरी भांडण झालेलं असणार, असा शेजाऱ्यांचा सरळ हिशोब. आयुर्वेदिक औषधांचं 'श्री धूतपापेश्वर' आमच्या गावात १८७२ साली सुरू झालं. पचनाची सोय आधी आणि खाण्याची मागाहून, असा आमचा दूरदर्शी क्रम!

मग १९९८ साली लोकल आली, २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि २५ डिसेंबर २०२५ पासून शेजारून विमानंही उडू लागली. गर्दी वाढली की भूक वाढते आणि भूक वाढली की पाट्या लागतात. नवीन पनवेलात आता दर महिन्याला एक नवी पाटी दिसते. एका हॉटेलात छताला सायकल टांगलेली आहे. जेवण होईपर्यंत माझं लक्ष ताटापेक्षा तिच्या खिळ्याकडे होतं. दुसऱ्या ठिकाणी उजेड इतका बेताचा, की पापड समजून मी कागदी रुमाल मोडला. तिसरीकडे मेनूकार्ड मागितलं, तर पोरगा म्हणाला, "काका, टेबलावरचा चौकोन मोबाईलला दाखवा." मी दाखवला. मोबाईलने माझाच फोटो काढला.

तरीही अशा ठिकाणी आम्ही गेलो. गेलो नाही ते नेमके समोरच्या काकूंच्या धाकट्याकडे.

या धाकट्याने चांगली नोकरी सोडून स्टेशनजवळ आठ टेबलांचं हॉटेल टाकलं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी. लग्नाची पत्रिका द्यावी तसा घरी आला आणि वाकून म्हणाला, "काका, काकू, यायचं हं. थंडीत पोपटीसुद्धा ठेवणार आहे." मी म्हणालो, "वा! एकदा यायलाच हवं." मराठी मध्यमवर्गात या वाक्याचा अर्थ काय होतो, हे त्या बिचाऱ्याला कुठलं ठाऊक?

पहिल्या रविवारी पाऊस. दुसऱ्या रविवारी पाहुणे. "बिरडं खायला हॉटेलात? घरात वाल काय कमी आहेत?" हाही हिचा एक मुद्दा होता. मग गणपती, मग पितृपक्ष; नव्या ठिकाणी कसं जायचं? दिवाळीत फराळ संपवायचा होता. मधल्या काळात काकूंच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. हिने ते पाहिलं, मलाही सांगितलं आणि आम्ही दोघांनी ठरवलं, की येत्या रविवारी नक्की.

अखेर जानेवारीत पोपटीसाठी निघालो. पोपटी म्हणजे आमच्या रायगडची थंडी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ-ओवा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. त्याचा वास आठवतच आम्ही पोचलो, तर पाटी मोमोची! "पहिलेवाला बंद हो गया," असं आतल्या मुलाने सांगितलं. परत कसं फिरायचं, म्हणून मोमो खाल्ले. उकडीच्या मोदकाची खोडी काढायला कुणीतरी आत कोबी भरावा, तसे लागले. ही एकच खाऊन थांबली. घरी येताना काकूंच्या दारावरून आम्ही चपला न वाजवता गेलो.

परवा धाकटा पुन्हा आला. या खेपेला जुन्या पनवेलात, फक्त चार टेबलं. "काका, यायचं हं." माझ्या तोंडून सवयीने "एकदा..." एवढं निघालं आणि हिने मला असा चिमटा काढला, की पुढचं वाक्य 'उद्याच'वर संपलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही हजर. धाकटा स्टुलावर चढून पंखा पुसत होता.

"काका, आपलं साडेबाराला उघडतं हो!"

"आम्ही थांबतो," ही म्हणाली.

आत काकू मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. हातांत काचेच्याच बांगड्या. कुणी काहीच बोललं नाही. हिने पदर खोचला, परात स्वतःकडे ओढली आणि म्हणाली, "अहो, नुसते बसू नका. चार हात लागले तर साडेबाराच्या आत होईल."

मी सोलायला बसलो. पहिलाच वाल सालातून सुटला, तो थेट पंख्याखालच्या धाकट्याच्या कपाळावर बसला.