नाण्याचा कौल

हडपसरच्या एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो, त्या वेळची ही गोष्ट. सातवीतील एक चुणचुणीत मुलगा एकाएकी अभ्यासात मागे पडू लागला. मी त्याला जवळ बोलावून कारण विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, माझ्या पत्रिकेत विद्या नाही, असे ज्योतिषीबुवा म्हणतात. मग अभ्यास कशाला करू?"

त्याला नुसता उपदेश करणे मला रुचेना. 'करंट सायन्स' या नियतकालिकातील शोधनिबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यांपैकी २००९ सालच्या एका निबंधाची प्रत घेऊन मी वर्गात गेलो. पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या चाचणीचा तो वृत्तान्त होता. त्यांनी १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. नावे न कळवता त्यांतील ४०-४० कुंडल्या एकेका ज्योतिषाकडे दिल्या. कोणती कुंडली कोणत्या प्रकारच्या मुलाची, एवढेच ओळखायचे होते. २७ जणांनी उत्तरे पाठवली.

त्यांचा निकाल सांगण्यापूर्वी मी एका कागदावर 'हुशार' किंवा 'मंद' अशी ४० उत्तरे लिहून कागद झाकून ठेवला. मुलांनी नाणी उडवली. छापा पडला तर 'हुशार', काटा पडला तर 'मंद'. ताळा केला, तेव्हा नाण्यांची सुमारे निम्मी उत्तरे बरोबर निघाली. मग मी ज्योतिषांच्या यशाची सरासरी फळ्यावर लिहिली : शेकडा ४६. वर्गात हशा पिकला.

इतक्यात तोच मुलगा उभा राहिला. "गुरुजी, पण जन्मवेळाच चुकीच्या टिपल्या गेल्या असतील तर? शिवाय उत्तरे २७ जणांचीच आहेत."

हशा थांबला. मला मात्र मनापासून आनंद झाला. मी म्हणालो, "बाळ, तुझी शंका रास्त आहे. चाचणी कशी केली, हे त्यांनी उघडपणे लिहिले, म्हणूनच तुला ती विचारता आली. छापलेले आहे एवढ्यावरून काहीच खरे मानू नये, हा निबंधसुद्धा! पण तुझे भविष्य सांगणाऱ्याला तू असा एक तरी प्रश्न विचारलास का?"

"नाही, गुरुजी."

"इतकी नेमकी शंका ज्याला सुचते, त्याच्यापाशी विद्या नाही, असे कोण म्हणेल?"

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या मेजावर त्याची गणिताची वही होती, आणि राहिलेली सारी उदाहरणे तिच्यात सोडवलेली होती.