पुढें काय झालें?

गोष्ट ऐकणाऱ्याच्या तोंडीं सदा असणारा प्रश्न म्हणजे "पुढें काय झालें?" हा होय. याचें उत्तर मिळावें म्हणूनच आपण पुस्तकाचें पान उलटतों. परंतु कधीं कधीं गोष्ट संपली तरी प्रश्न संपत नाहीं, आणि मग ग्रंथकार दुसरें पुस्तक लिहून त्याचें उत्तर देऊं लागतो. आमच्या वाचनालयांत 'भाग दुसरा' मोठ्या उत्साहानें नेणारीं मुलें तो परत करितांना पुष्कळदां खिन्न दिसतात. तेव्हां अशा निराशेविषयीं चार शब्द लिहावे असें वाटलें.

सर हेन्री रायडर हॅगार्ड (१८५६–१९२५) हा माझ्या शाळकरी वयांतील आवडता ग्रंथकार. एकोणिसाव्या वर्षीं, म्हणजे १८७५ सालीं, तो दक्षिण आफ्रिकेंत गेला, आणि तेथील अनुभवाच्या शिदोरीवर त्यानें पुढें अनेक अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकीं १८८७ सालीं ग्रंथरूपानें निघालेली 'शी' ही मला सर्वांत प्रिय. हें नांव ऐकून आमच्या वर्गांत नेहमीं हंशा पिकतो, कारण आपल्या भाषेंत तो किळस आल्याचा उद्गार आहे. इंग्रजींत मात्र त्याचा अर्थ केवळ 'ती' एवढाच. आफ्रिकेंतील लोकांविषयीं या पुस्तकांत जी दृष्टि आहे, ती आज आपणांस मान्य होण्यासारखी नाहीं. तथापि त्यांतील मुख्य कथा विलक्षण आहे.

केंब्रिजचा विद्वान हॉली आणि त्यानें वाढविलेला लिओ हे दोघे एका प्राचीन खापरावरील लेखाच्या आधारें कोर नांवाच्या उद्ध्वस्त नगरापर्यंत पोहोंचतात. तेथील गुहांत आयेशा ही राणी दोन हजार वर्षें एका पुरुषाची वाट पाहत आहे. मत्सराच्या भरांत त्याला तिनें स्वतःच ठार मारलेलें असतें, आणि लिओच्या रूपानें तोच परत आला अशी तिची खात्री होते. लिओवर जीव लावणारी उस्ताने नांवाची साधी मुलगी आड येतांच आयेशा तिचाही प्राण घेते. शेवटीं लिओस अमरत्व देण्यासाठीं ती त्याला जीवनाच्या अग्निस्तंभापाशीं नेते, व त्याची भीति मोडावी म्हणून प्रथम आपण त्यांत शिरते. ज्या अग्नीनें एकदां अक्षय तारुण्य दिलें, तोच आतां तें हिरावून घेतो. दोन हजार वर्षांचें वार्धक्य एका क्षणांत तिच्यावर कोसळतें. मी पुन्हां येईन, एवढें वचन देऊन ती प्राण सोडते.

मीं हें पुस्तक वाचलें तें इयत्ता नववींत असतांना. त्याच उन्हाळ्यांत माझी आजी वारली होती. आजी गोष्ट संपवी आणि आम्हीं "पुढें काय झालें?" म्हणून हट्ट धरला, कीं "पुढचें तूं सांग," असें म्हणून दिवा मालवी. आयेशाच्या त्या वचनापाशीं मी कितीतरी दिवस थांबून राहिलें. ती परत आली तर कशी येईल? उस्तानेविषयीं तिला काय वाटेल? मरणांतून गेलेलें माणूस पूर्वीसारखेंच राहील काय? आमच्या घरांतील रिकाम्या खाटेकडे पाहत मीं हे प्रश्न स्वतःस विचारले, आणि आपल्यापरी उत्तरेंही रचलीं.

उत्तरकथा आहे हें मला पुढें महाविद्यालयांत गेल्यावर कळलें. 'आयेशा' हें तिचें नांव. ती १९०५ सालीं, म्हणजे पहिल्या ग्रंथानंतर अठरा वर्षांनीं, प्रसिद्ध झाली. ज्या आतुरतेनें मीं ती उघडली, तितक्याच जड मनानें मिटली. तींत हॉली व लिओ वर्षानुवर्षें मध्य आशियांत भटकतात. आफ्रिकेंतील गुहांच्या जागीं अग्निपर्वत येतो, आणि आयेशाशीं स्पर्धा करण्यास आटेने नांवाची राणी येते. पुन्हां दोन स्त्रियांमध्यें एक पुरुष, पुन्हां अग्नि, पुन्हां लांबणीवर पडलेला विवाह! आयेशा आतां लोखंडाचें सोनें करते व जग जिंकण्याच्या गोष्टी बोलते. परंतु जिच्या सामर्थ्यास सीमाच नाहीं, तिची काळजी वाचकानें काय म्हणून करावी? उस्तानेच्या हत्येचा हिशेब कथेच्या केंद्रस्थानीं येतच नाहीं. मला सर्वांत लागलें तें हें, कीं जें मरण मला इतकें खरें वाटलें होतें, तें आतां केवळ मुक्कामाचें ठिकाण ठरलें.

ग्रंथकाराशीं न्यायानें वागावयाचें तर एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. पर्वतावर आयेशा आपला बुरखा दूर करते, तेव्हां आंत जराजर्जर, सुरकुतलेलें रूप असतें. एकीकडे तरुण आटेने, दुसरीकडे ही. आणि लिओ किळस गिळून हिच्याच कपाळाचें चुंबन घेतो. येथें हॅगार्डची जुनी शक्ति पुरी प्रकट झाली आहे. पण लगेच आयेशाला तिचें सौंदर्य परत मिळतें, आणि त्या निवडीची किंमत नाहींशी होते.

मग उत्तरकथा लिहूंच नये काय? तसें नाहीं. जॉन बन्यन याच्या ज्या ग्रंथाचें हरि केशवजी यांनीं १८४१ सालीं 'यात्रिकक्रमण' या नांवानें मराठींत भाषांतर केलें, त्याचा पहिला भाग १६७८ सालीं व दुसरा १६८४ सालीं निघाला. दुसऱ्या भागांत मार्ग तोच आहे. पण आतां त्या यात्रिकाची पत्नी मुलांना घेऊन निघाली आहे. जी दरी पहिल्या भागांत घोर झुंजीची जागा होती, तीच येथें हिरवीगार व सुपीक दिसते. वाट जुनी, पण चालणारें माणूस नवें, म्हणून वाटही नवी होते. हॅगार्डनें वाट बदलली, माणसें मात्र होतीं तशींच ठेविलीं.

त्यानें स्वतः लिहून ठेविलें आहे, कीं 'शी' लिहावयास बसतांना अमर प्रेमानें झपाटलेली एक अमर स्त्री, एवढीच कल्पना त्याच्या मनांत स्पष्ट होती. आणि ते लेखन सुमारें सहा आठवड्यांत पुरें झालें. म्हणजे पहिल्या वेळीं "पुढें काय झालें?" हें त्यालाही ठाऊक नव्हतें, आपल्याबरोबरच तो शोधीत होता. दुसऱ्या वेळीं दिलेलें वचन फेडावयाचें होतें. शोध आणि फेड यांत पुष्कळ अंतर आहे.

मुलांनो, आवडत्या ग्रंथकाराचें एखादें पुस्तक आवडलें नाहीं, तर त्याला सोडूं नका, आणि आवडलें असें खोटेंही म्हणूं नका. काय हवें होतें व काय मिळालें, तें वहींत चार ओळींत लिहून काढा. पालकांसही एक विनंति आहे. एखादे दिवशीं मूल पुस्तक आपटून "शेवट असा नको होता," असें म्हणालें, तर त्यास हंसूं नये. तो शेवट कसा हवा होता, एवढें त्याला विचारावें, आणि तें सांगूं लागलें म्हणजे हातचें काम ठेवून ऐकावें.