सदतीस ठिपक्यांचा ‘ठ’

सापडला! ‘ठ’ सापडला! आणि कुठे, तर रांगोळीच्या ठिपक्यांत! थांबा, आधी एक कागद घ्या, पाठकोरा चालेल, पेन्सिल घ्या आणि मी सांगते तसं करा, नुसतं वाचून ही गंमत कळायची नाही. वर ४ ठिपके. त्याखाली ५, मग ६, मग ७, आणि मग परत ६, ५, ४. प्रत्येक ठिपका वरच्या दोघांच्या बेचक्यात, म्हणजे आपली नेहमीची ‘७ ते ४’. मोजा बरं! ३७!

आता अगदी मधल्या ठिपक्याभोवतीचे ६ ठिपके जोडा. झालं ‘ठ’चं पोट! सगळ्यात वरची ओळ आडवी जोडा, ही शिरोरेषा. राहिली मान. शिरोरेषेच्या मधल्या दोन ठिपक्यांपासून खालच्या ओळीतल्या मधल्या ठिपक्याला दोन रेघा, आणि तिथून परत दोन रेघा फाकवून पोटापर्यंत. दिसलं? डमरू! ‘ठ’च्या मानेत डमरू! मी तो ठरवून काढला नव्हता हो, ठिपके जोडले आणि तो आला! राजराजेश्वर महादेवाच्या अकोल्यात आणखी काय हवं!

मी चित्रकार नाही, सुलेखनाच्या एका वर्गालाही गेलेली नाही. गेल्या रविवारी आम्ही अकोटवरून शहानूर, आणि तिथून नरनाळ्यावर गेलो. किल्ला बघायचा, डबा खायचा, परत यायचं, एवढाच बेत. आणि मग महाकाली दरवाजा आला! पंधराव्या शतकाच्या अखेरचा, बहमनी काळातला. दगडात कोरलेली कमळं, अरबी अक्षरांचे लेख, आणि दोन्ही अंगांना पुढे आलेल्या सज्जांना दगडी जाळ्या, नक्षीचे किती तरी प्रकार! मला अरबी वाचता येत नाही, त्यामुळे मी अक्षरांकडे नुसती रेघा म्हणून बघत होते, आणि मग जाळीकडे बघितलं, आणि मग परत अक्षरांकडे, आणि मग डोक्यात आलं की आपलं देवनागरी अक्षरच जाळीचं केलं तर? डबा तसाच राहिला! घरी आले, चपला काढल्या आणि ठिपके द्यायला बसले, कारण जाळी काढायची दुसरी कुठली रीत मला माहीतच नव्हती.

‘ठ’ पाच मिनिटांत झाला. आणि मग काना आला, आणि सगळं अडलं! या ठिपक्यांत आडवी रेघ सरळ जाते, तिरकी सरळ जाते, पण उभी? उभी रेघ एका ठिपक्यातून निघते आणि खालच्या ओळीत बरोब्बर दोन ठिपक्यांच्या मधून निसटते! कागद फिरवला तर काना सरळ होतो, पण मग शिरोरेषा नागमोडी. शिरोरेषा सोडणार तरी कशी? दोन तास गेले. शेवटी ती उभी रेघ मी दोघांत वाटली, एक डावीकडच्या ठिपक्यातून, एक उजवीकडच्या, खाली परत एकत्र. आई चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘‘काहून वं, शंकरपाये काढून राहिली काय?’’

शंकरपाळे! खरंच की! शिरोरेषेच्या शेवटच्या ठिपक्यापासून तळापर्यंत एकाखाली एक बरोब्बर ३ शंकरपाळे, हा झाला काना! त्याच्या डावीकडे ६ ठिपक्यांचं पोट चिकटवलं की ‘व’, पोटातल्या मधल्या ठिपक्यातून एक तिरकी रेघ ओढली की ‘ब’! आणि ‘क’चा दांडा तर मधोमध, तिथे वरच्या ओळीत ठिपकाच नाही! आता? तर वर अर्धा शंकरपाळा, मध्ये २ अख्खे, तळाला परत अर्धा. काय बसतो म्हणून सांगू!

मग कळलं, या वाटेवर थोर माणसं आधीच चालून गेलीत. बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरीच्या छपाईच्या अक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ काढला, तीन खंड! कमल शेडग्यांनी नाटकांची नावं अशी काढली की जाहिरातीतल्या अक्षरांवरूनच नाटकाची जात कळावी. आणि मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ फॉन्ट बघाच, अक्षरं इतकी गुबगुबीत की आतल्या पोकळीची नुसती बारीक रेघ उरते! शेडग्यांची काय, ‘मोदक’ची काय, ही मिरवायची अक्षरं. पाटीवर, मुखपृष्ठावर, लग्नपत्रिकेवर शोभतात, पानभर मजकूर लावला तर वाचवत नाही. माझीही त्याच जातीची, हे मला आता कुठे कळतंय.

पण ‘ळ’ ऐका! आमच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, आत्ता आईचं ऐकलंतच. आणि सगळ्यात देखणं अक्षर निघालं तेच! दोन पोटं शेजारी शेजारी, मधला एकच ठिपका दोघांत मिळून, आणि वरून अर्धा आणि एक अख्खा शंकरपाळा उतरतो तो थेट त्या ठिपक्यावर! सदतिसांतल्या मधोमधच्या!

मग पहिला शब्द लिहिला, ‘कमळ’, त्या दरवाज्यावरचं. अक्षरं शेजारी ठेवली तर कमरेला चिकटली आणि माथ्याला फाकली, शिरोरेषा तुटली. म्हणून फटीत ३ ठिपके टाकले, त्याखाली २, त्याखाली १. आणि दोन अक्षरांच्या मध्ये तोरण लोंबायला लागलं!

‘अ’ मात्र अजून बसत नाही. चार दिवस झाले, त्यामुळे ‘अकोला’ लिहायचं राहिलंय. तुमच्या हातात कागद आहेच, ३७ ठिपके दिलेले आहेत. करून बघा, आणि जमला तर आधी मला दाखवा!