उत्तरेच्या अंगणातला अळू

२७ मे २०२५, डोंबिवली
मुंबईत काल मान्सून पोहोचला. गेल्या ७५ वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता. इमारतीच्या उत्तरेला, कंपाउंडच्या भिंतीलगत ऊन जवळपास उतरतच नाही. तिथे शेणखत घालून वडीच्या अळूचे कंद लावले, काळ्या देठाचे.

२२ जून
लेकीने न्यू जर्सीहून तिच्या अंगणातल्या होस्टा या सावलीतल्या झाडाचा फोटो पाठवला. ‘सीबोल्डियाना एलिगन्स’, मोठाली राखाडी-निळी पानं. पाहून मोह होतोच. पण त्याला काही महिने कडाक्याच्या थंडीत झोपायला लागतं, आणि आपल्याकडे जानेवारीतही तेवढा गारठा नसतो. जपानात त्याचे कोवळे कोंब भाजीसारखे खातात म्हणे. तिच्या अंगणात मात्र हरणंच फस्त करतात. त्याची निळाई म्हणजे पानावरचा मेणाचा लेप. ऊन लागलं, बोटं फिरली की तो उतरतो आणि खालचा साधा हिरवा दिसतो. म्हणून ती त्याला सावलीत ठेवते, आणि पानाला हात लावू देत नाही.

८ जुलै
आज भिंग घेऊन अळूपाशी बसले. पानावर पाऱ्यासारखे थेंब पळत होते. एका कोपऱ्यावर अंगठा दाबून फिरवला, तर तेवढ्या जागी पाणी पसरून चिकटलं. बाजूला अजून थेंबच. इथेही मेणच! पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेण, त्यामुळे पाणी टेकतच नाही आणि घरंगळताना धूळ घेऊन जातं. बार्टलॉट आणि नाइनह्यूस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये कमळाबरोबर अळूचंही पान तपासून हे मांडलं. रस्त्याच्या धुळीने बाकीच्या कुंड्या मळक्या दिसतात, अळू मात्र लख्ख. नर्सरीतून महागडी सावलीची झाडं आणण्याआधी प्रत्येक सोसायटीने मागच्या ओलाव्यात अळू लावून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

१९ ऑगस्ट
कालपासून धो धो. अंगणात घोटाभर पाणी. तुळस पिवळी पडली, अळू मजेत.

२८ ऑगस्ट, ऋषिपंचमी
बैलाच्या कष्टाचं आज चालत नाही, त्यामुळे ऋषीच्या भाजीला घरचाच अळू. हाताला खोबरेल लावून बाहेरची पानं कापली, आतली दोन ठेवली. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया घशाला टोचतात, म्हणून चिंच घालून गाळ होईस्तोवर शिजवली. शेजारच्या काकूंनी वाटीभर नेली आणि कंद मागितले. दिवाळीनंतर देईन, त्यांच्याही मागच्या बाजूला ऊन येत नाही.