गाडी जड झाली

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, दोन वर्षांपूर्वी मोटार चालविणे सोडले. सोडले असे म्हणण्यापेक्षा आम्ही ते सोडावयास लावले, असे म्हणणे अधिक खरे होईल.

मोटार म्हणजे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. फियाट ११०० या इटालियन गाडीची ही कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली बहीण. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, पुढचे आसन बाकासारखे एकसंध. त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मोटार दाराशी येई. त्यामुळे ती घरात आली तेव्हा आजीने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता म्हणतात. पुढे तिच्यातून घरात दोन सुना आल्या, चार बाळंतिणी आल्या आणि आजोबा शेवटचे दवाखान्यात गेले.

तर झाले असे, की आप्पांना गाडी वळविणे जड जाऊ लागले. शनिवार पेठेतल्या आमच्या बोळात गाडी आत घ्यावयाची म्हणजे तीन वेळा मागेपुढे करणे आले. तेवढ्यात ते घामाघूम होत. एके दिवशी कोपऱ्यावरच्या दगडी जोत्याला मडगार्ड घासला आणि रात्री पानावर बसल्यावर विषय निघाला. आप्पांचे वय तेव्हा ७५. माझे वडील म्हणाले, "आप्पा, आता तुमच्या हातांत पूर्वीची ताकद राहिली नाही. पुरे करा." काकूही तेच म्हणाल्या. आप्पा एवढेच म्हणाले, "अरे, चाक नुसते जड नाही. वळण घेतल्यावर ते आपण होऊन सरळ होत नाही. ओढून आणावे लागते." त्यावर कोणी काही बोलले नाही. मी यंत्रशास्त्र शिकलेला माणूस. परंतु मीही आमटी वाढून घेत होतो. गाडीची किल्ली कोनाड्यात गेली.

गेल्या दिवाळीत, गाडी उभी राहून कुजू नये म्हणून, मी ती बाहेर काढली. मी ४१ वर्षांचा, धडधाकट. बोळाच्या तोंडाशी येईतो माझे दंड भरून आले. नदीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर एक वळण घेतले, आणि सवयीने चाक हातातून सैल सोडले. गाडी वळतच राहिली! तेव्हा कुठे आप्पांचे ते वाक्य माझ्या कानांत शिरले. हात दुबळे झाले तर चाक जड लागेल, हे खरे. परंतु सोडलेले चाक सरळ व्हावयास कोणाच्याच हाताची गरज नसते. आप्पांनी रोगाचे लक्षण अचूक सांगितले होते, आणि आम्ही त्यांचे वय तेवढे ऐकले होते.

हे चाक आपण होऊन सरळ का होते, ते थोडे सांगितले पाहिजे. पुढचे प्रत्येक चाक एका उभ्या पोलादी खिळीभोवती वळते; तिला किंगपिन म्हणतात. ही खिळी अगदी उभी नसते. तिचे वरचे टोक किंचित मागे कललेले असते, त्यामुळे तिची रेषा खाली वाढविली तर टायर रस्त्याला जेथे टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. म्हणून टायर खिळीच्या मागून ओढला जातो व सरळ रेषेत येऊ पाहतो. चहाच्या ट्रॉलीची लहान चाके ढकलताच मागे वळतात, तोच हा प्रकार. शिवाय खिळी आतल्या बाजूसही झुकलेली असते. चाक वळले की गाडीचे नाक केसभर उचलले जाते आणि तिचे वजनच चाकाला परत सरळ करू पाहते. हे दोन्ही व्हावयाचे तर खिळी आपल्या बुशांत सहज फिरली पाहिजे. ती अडकली, की चाक जडही होते आणि परतावयाचेही थांबते.

तथापि आधी सोपे ते पाहावे, या न्यायाने मी हवेपासून प्रारंभ केला. पुढच्या टायरांत हवा कमी होतीच. ती पुस्तिकेप्रमाणे भरली. फरक पडला, पण अल्प. मग पद्मिनीवर आयुष्य घालविलेल्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पुढचा भाग उचलून घोड्यांवर टेकविला. (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. घरात पोरे असतील तर हे दोनदा सांगावे.) चाके अधांतरी असताना स्टिअरिंग एका बोटाने फिरावयास हवे, ते दोन्ही हातांनीही नीट फिरेना. म्हणजे टायरांचा आणि रस्त्याचा दोष फारसा नाही. अडचण आतच कोठेतरी आहे.

आत तीन ठिकाणे संशयाची : स्टिअरिंगचा दांडा व त्याखालची पेटी, तिच्यापासून चाकांपर्यंत जाणारे टाय रॉड, आणि किंगपिन. मिस्त्रींनी दोन्ही चाकांकडचे टाय रॉड सोडविले. हे सांधे निमुळते बसविलेले असतात व वरून ठोकून सुटत नाहीत. कडीच्या एका बाजूला जड हातोडा धरून दुसऱ्या बाजूने टोला द्यावा लागतो, मग ते टुणकन उडतात. आता चाकांचा आणि पेटीचा संबंध तुटला. डावे चाक हाताने ढकलले, कुरकुरत का होईना वळले. उजवे चाक मी सर्व बळ लावूनही जेमतेम चार बोटे हलले. मिस्त्री माझ्याकडे पाहून म्हणाले, "साहेब, याला कधी ग्रीस मारलंय का?"

खरी लाज येथे आहे. दर दसऱ्याला आम्ही या गाडीला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. परंतु आप्पांचे गुडघे धरले आणि त्यांनी गाडीखाली वाकणे सोडले, तेव्हापासून किंगपिनच्या निपलला ग्रीसगन लागली नव्हती. आजच्या गाड्यांना असली सेवा लागत नाही, म्हणून जुनीलाही लागत नसेल असे आम्ही धरून चाललो. उजवीकडच्या निपलातले ग्रीस वाळून दगड झाले होते.

मध्येच आणखी एक गोष्ट उघडकीस आली. टाय रॉड सुटलेले असतानाही स्टिअरिंग अगदी मध्यावर, म्हणजे सरळ जाण्याच्या स्थितीत, आवळल्यासारखे होत होते. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात, ते कोणते हे सांगण्यात अर्थ नाही, स्टिअरिंगमधला प्ले काढण्यासाठी पेटीचा स्क्रू आवळून दिला होता. या पेट्यांत मध्यावरच फट सर्वांत कमी ठेवलेली असते. तेथे जास्त आवळले की दाते एकमेकांना चावू लागतात. प्ले वस्तुतः टाय रॉडच्या झिजलेल्या सांध्यांत होता. म्हणजे दुखणे पायाला आणि पट्टी हाताला! मिस्त्रींनी स्क्रू बेताने सैल केला, पेटीत ९० नंबरचे तेल भरले व सांधे बदलले.

किंगपिनचे काम मात्र दोन दिवसांचे झाले. नवा संच नाना पेठेत मिळाला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींतली शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तरी सुटे भाग अजून हाती लागतात. जुनी खिळी प्रेसखाली घालूनच निघाली. नव्या बुशा बसविल्यावर दोन्हींना एका रेषेत रीमर फिरवावा लागतो. घाई करून बुश जास्त कापली तर चाक डगमगते आणि कमी कापली तर पुन्हा जड. मिस्त्री थोडे कापीत, खिळी घालून पाहत, पुन्हा कापीत. अखेर ती हाताच्या दाबाने सरकत आत गेली. मग ग्रीसगन लावून, कडेने नवे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत ते भरले, आणि टाय रॉड उघडले होते म्हणून चाकांची अलाइनमेंटही करून घेतली.

जुनी खिळी मी घरी आणली. एका अंगाने तांबेरलेली, खरवडल्यासारखी. वडिलांनी ती हातात घेऊन बराच वेळ फिरविली. "आप्पा म्हणत होते खरे," एवढेच ते म्हणाले, आणि उठून स्वतः कोनाड्यातून किल्ली काढून आप्पांच्या खोलीत गेले. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, आप्पा गाडीत बसले. मी शेजारी. उभ्या गाडीचे चाक त्यांनी वळविले नाही. आधी गाडी वीतभर सरकू दिली आणि मग वळविली. जुन्या माणसांची ही सवय आहे, आणि ती बरोबर आहे. सरकत्या टायराला वळावयास कितीतरी कमी जोर लागतो. बोळ एका दमात पार झाला. ओंकारेश्वराशी वळण घेऊन त्यांनी दोन्ही तळवे उघडे धरले. चाक त्यांच्या हातांतून सुळकन सरळ झाले. ते माझ्याकडे पाहून हसले नाहीत, की काही बोलले नाहीत. मीच दुसरीकडे पाहिले.

परत आल्यावर ते उतरले व दार लावून म्हणाले, "हात ठीक आहेत. रात्री मात्र मी चालविणार नाही. समोरच्यांचे दिवे हल्ली डोळ्यांवर येतात." डोळ्यांविषयी आम्ही कोणी त्यांना कधी विचारलेच नव्हते.

किल्ली आता त्यांच्याच खिशात असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गाडीखाली असतो आणि ते खुर्ची टाकून वर बसलेले असतात. "उजवीकडचे खालचे निपल पुसून घे आधी," ते सांगतात, "नाहीतर मातीच भरशील आत."